पट्टा कोणी निवडला

माझे दाजी उत्तरेश्वर हे बेंबळीत कल्याणप्पांच्या लाकडाच्या वखारीत खालच्या बाजूला असायचे. खालची बाजू म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. तेव्हा ओंडक्याच्या फळ्या पाडायला यंत्र नव्हतं. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, त्यावर आडवा ओंडका, ओंडक्यावर एक माणूस उभा आणि खड्ड्यात एक. दोघांच्या मधे लांब करवत, उभी. वरचा ती वर उचलून घेतो, खालचा खाली ओढतो. खाली ओढताना लाकूड कापलं जातं आणि भुसा पडतो तो खालच्याच्या तोंडावर. डोक्याला फडकं बांधा, डोळे बारीक करा, काही करा, भुसा आपली वाट शोधतोच.

वर दगडोबा असायचा. गेरूत भिजवलेलं सूत ओंडक्याला वरून-खालून मारून तो रेघ पाडायचा आणि करवत त्या रेघेवरून चालवायचा. दगडोबाची फळी म्हणजे काचेसारखी सरळ, असं दहा गावांत म्हणत. गिऱ्हाईक यायचं ते दगडोबाला रामराम करायचं, दगडोबाला पान द्यायचं. खड्ड्यातला माणूस कोणाला दिसतच नाही, तर त्याला रामराम कोण करणार? दाजींना त्याचं काही वाटत नसे. दोघं लहानपणापासूनचे मित्र. दगडोबाच्या लग्नात दाजी करवला म्हणून मिरवले आणि दाजींच्या लग्नात दगडोबानं आमच्या मांडवात रुसून दाखवलं होतं. माझ्या आईनं त्याची समजूत काढली होती, हे मला अजून आठवतं.

दगडोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आमची कडूअक्का, माझी बहीण आणि दाजींची बायको, तीसुद्धा मला सांगते. मी बोलणार आहे.

लढाईचे दिवस होते. आमच्याकडं निजामाच्या मोगलाईत आणि सोलापूरकडं इंग्रजी हद्दीत, दोन्हीकडं लोखंड-पोलाद मिळेनासं झालेलं. अशा वेळी कल्याणप्पांनी सोलापूरच्या एका बंद पडलेल्या वखारीतून जुनं यंत्र आणलं. वर एक चाक, खाली एक चाक आणि त्या दोन चाकांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. तेलाच्या इंजिनावर ते चालायचं. लाकूड पुढं सरकवलं की पट्टा ते कापत जातो. खड्डा नको, ओढणं नको. कल्याणप्पा लिंगायत वाणी, धंद्याला तीक्ष्ण पण मनानं सरळ माणूस. यंत्र आलं, पण पट्ट्याशिवाय. जुना पट्टा कधीच गंजून गेलेला. नवा सोलापुरातच मिळणार होता आणि तो हद्दीच्या अलीकडं आणायचा परवाना मिळाला तो एकाच पट्ट्याचा. लढाई संपेपर्यंत दुसरा मिळायची आशा नव्हती.

त्याच सुमारास दाजींचे डोळे दुखणाईत झाले. सकाळी उठले की पापण्या चिकटलेल्या, दिवसभर पाणी. दिसायचं चांगलं, सुईत दोरा ओवून दाखवायचे, पण तुळजापूरच्या वैद्यानं स्पष्ट सांगितलं की हा भुसा असाच डोळ्यांत जात राहिला तर पुढचं काही सांगता येत नाही. अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. करवत ओढण्यापलीकडं दाजींना दुसरं काम येत नव्हतं, जमीन नव्हती. म्हणून ते यंत्र आलं तेव्हा अक्कानं त्याला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. यंत्रावर काम मिळालं की दाजी खड्ड्यातून सुटणार होते. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

पट्टा निवडायला कल्याणप्पांनी दोघांनाही पाठवलं; त्यांतल्या एकाला ते यंत्र चालवायला मिस्त्री नेमणार होते. गाडी माझी होती, म्हणून मी बरोबर होतो. जे सांगतो ते माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

सोलापूरच्या दुकानात भिंतीवर खुंट्यांना पट्टे गुंडाळून टांगलेले होते. आमच्या यंत्राच्या मापाचे तीन निघाले. एक चांगला चार बोटं रुंद, मोठमोठ्या दातांचा. दुसरा करंगळीपेक्षा अरुंद, दात इतके बारीक की बोट फिरवलं तर कानशीसारखं लागे. तिसरा दोहोंच्या मधला, अंगठ्याएवढा रुंद, दात ना मोठे ना बारीक. दगडोबानं पाहताक्षणी रुंदावर हात ठेवला. दिसायलाच तो जबरदस्त होता. दुकानदारालाही तोच खपवायचा असावा, कारण त्यानंही मान डोलवली.

दाजी पुढं झाले. त्यांनी तिन्ही पट्टे खाली उतरवून घेतले आणि उन्हात ओट्यावर बसले. प्रत्येक पट्ट्याचा सांधा नखानं चाचपला, पाठ बोटावरून ओढून पाहिली. मग दगडोबाला म्हणाले की रुंद पट्टा ओंडका सरळ फाडील, त्यात शंका नाही. पण आपल्याकडं सरळ फळ्यांचं काम किती आणि गाडीच्या चाकाच्या पुठ्ठ्यांचं किती? पुठ्ठा, म्हणजे चाकाच्या लाकडी घेराचा तुकडा, असतो वाकडा, आणि एवढा रुंद पट्टा वळणावर वळणार नाही. अरुंद पट्टा वळेल, पण आपली बाभूळ बहुतेक वेळा ओलीच येते. बारीक दातांत तिचा भुसा बसायला जागा नाही, तो तिथंच अडकणार आणि पट्टा तापणार. जाड ओंडक्यात तर तो वाट सोडून भलतीकडं जाईल. एकच पट्टा मिळणार असेल तर मधला घ्यावा. तो रुंदाइतका भराभर कापणार नाही, अरुंदाइतका आखूड वळणार नाही, पण बाभूळ, निंब, आंबा, सागवान, सगळ्याला चालेल. फक्त त्याला दमानं घ्यावं लागेल.

दगडोबानं बराच वाद घातला. दाजींनी रुंद पट्टा त्याच्या हातात दिला आणि गाडीच्या चाकाच्या गोलाईवर धरून बघ म्हणाले. धरून बघितल्यावर त्यानं तो खाली ठेवला. आम्ही मधला पट्टा घेतला, तेल लावून गोणपाटात गुंडाळला आणि निघालो.

तामलवाडीच्या नाक्यावर परवाना तपासून होईपर्यंत दुपार झाली. आम्ही निंबाखाली भाकरी सोडली. तिथं दगडोबानं विषय काढला. आधी इकडचं तिकडचं बोलला, कांदा फोडून दाजींच्या पुढ्यात ठेवला, मग म्हणाला,

"उत्तऱ्या, पट्टा म्या निवडला म्हणून सांगू का अप्पाला? त्येंचा माझ्यावर इस्वास हाय. मला मिस्त्री केलं की तुला म्या सोडतो व्हय? एक दिस तू चालव, एक दिस म्या."

दाजी भाकरी चावत होते. म्हणाले, सांग की. नाव कोणाचं का लागेना, काम झाल्याशी कारण. मला ते पटलं नाही, पण मोठ्यांच्या बोलण्यात मी पडलो नाही. वाटेत मी दाजींना हळूच म्हणालो की हे बरं केलं नाही तुम्ही. ते हसले आणि म्हणाले, "आरं, त्यो दगडोबा हाय." आणखी काही सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

पट्टा पाहून कल्याणप्पा खूश झाले. पहिल्याच दिवशी यंत्रानं आंब्याचा ओंडका सरळ फाडला आणि दुपारी त्याच पट्ट्यावर पुठ्ठाही कापून निघाला. बघायला अर्धी बेंबळी लोटली होती. एकच पट्टा दोन्ही कामं करतो याचं सगळ्यांना मोठं कौतुक. कल्याणप्पांनी दगडोबाची पाठ थोपटली आणि म्हणाले की निवड करावी तर अशी. दगडोबानं मान खाली घातली, लाजल्यासारखी. दाजी पलीकडं उभे राहून कापलेली फळी धरत होते आणि खुशाल हसत होते. मला मात्र तिथं उभं राहवलं नाही.

दगडोबा मिस्त्री झाला. त्याला नवं धोतर मिळालं, तो इंजिनाशेजारी बाजेवर बसून विडी ओढू लागला आणि करवत ओढणारे जुने सोबती आले तर त्यांना लांबूनच वाटेला लावू लागला. दाजी ओंडके वाहायचे, फळ्या रचायचे. खड्डा सुटला होता, डोळे निवळायला लागले होते, म्हणून घरी आनंद होता. पण एक दिस तू, एक दिस मी, असं जे ठरलं होतं त्याचं नाव दगडोबा काढीना. दाजींनी विचारलं तर आधी म्हणाला पोळा होऊ दे. पोळा झाल्यावर म्हणाला दसऱ्याला यंत्राची पूजा होऊ दे. दसऱ्याला यंत्राला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, पूजा दगडोबानं केली. त्यानंतर दाजींनी विचारणं सोडून दिलं. मी चिडलो की म्हणायचे, त्याचा हात बसू दे.

हात बसायचाच नव्हता, हे दाजींना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मला त्यांनी ते नंतर सांगितलं. दगडोबाला वरून करवत चालवायची सवय. रेघ सुटायला लागली की तो मूठ पिळायचा, जोर लावून करवतीला रेघेवर ओढायचा. खड्ड्यातले दाजी त्याच क्षणी मनगट सैल सोडायचे, पिळलेली करवत मोकळी व्हायची आणि पुढच्या ओढीला ते ती सरळ करून घ्यायचे. असं सारा जन्म चाललं. ती काचेसारखी फळी दोघांची होती, पण वरून फक्त वरचाच दिसायचा, आणि दगडोबाला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. आता यंत्रावरही तो लाकूड तसंच पिळू लागला. दाजी पलीकडून सांगायचे की पिळू नको, खाली सैल सोडायला इथं कुणी नाही. दगडोबाला तो टोमणा वाटायचा.

सुगीच्या तोंडावर अण्णासाहेब पाटलांच्या गाडीचे पुठ्ठे कापायला आले. बाभळीचे, चांगले जाड. पाटील समोर बसलेले, म्हणून दगडोबाला घाई. वळण आलं तसा त्यानं अंगाचा भार टाकून ओंडका पिळला. पट्टा तापून करपल्याचा वास आला, दाजी थांब म्हणाले, आणि चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला. पट्टा तुटून दाराच्या चौकटीत जाऊन रुतला. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. इंजिन बंद केल्यावर वखारीत इतकं शांत झालं की बाहेरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला.

कल्याणप्पा धावत आले. तुटलेला पट्टा त्यांनी हातात घेतला. दुसरा मिळणार नव्हता, हे त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. त्यांनी दगडोबाला विचारलं, एवढा पारखून आणलास ना, मग असा कसा तुटला? दगडोबानं पाटलांकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं, दाजींकडं मात्र पाहिलं नाही.

"अप्पा, आता खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "म्या रुंद पट्टा घ्या म्हणत हुतो. ह्यो उत्तऱ्यानं निवडला. मितराचं मन मोडवंना, म्हणून म्या आपलं नाव लावून घेतलं."

"हौदा?" कल्याणप्पांनी दाजींकडं वळून कानडीत विचारलं. खरं का हे?

"व्हय," दाजी म्हणाले. "पट्टा म्याच निवडला."

ते खरंच होतं. दाजींना पुढं आणखी सांगायचं होतं, की निवड चूक नव्हती, की तो पट्टा दमानं घेतला असता तर लढाई संपेपर्यंत टिकला असता. पण व्हय म्हटल्यावर पुढचं ऐकायला कोण थांबतो? लोकांत कुजबुज सुरू झाली, पाटील कपाळाला आठ्या घालून उठले. मी पुढं झालो आणि सोलापुरात काय झालं, तामलवाडीत काय ठरलं, सगळं बोललो. मोठ्यानं बोललो. दगडोबा शांतपणे म्हणाला की मेव्हणा दाजीची बाजू घेणार नाही तर कोणाची घेणार? लोक हसले. माझं बोलणं तिथंच संपलं. एकाच तोंडानं या माणसानं निवडीची शाबासकीही घेतली आणि खापरही दाजींच्या डोक्यावर फोडलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्या संध्याकाळी दगडोबा आमच्या अक्काच्या ओसरीवर आला. येऊन नेहमीच्या जागी बसला. अक्कानं पाणी दिलं नाही, तर स्वतःच उठून तांब्या घेतला. पाणी पिऊन दाजींना म्हणाला की चूक माझीच झाली, तुला ठावं हाय.

"मग अप्पाला सांग," दाजी म्हणाले.

"तुला सांगितलं की. लोकाला सांगून काय करायचंय? माझ्या पोटावर पाय येईल."

"अन् माझ्या?"

दगडोबा म्हणाला की तुझं काय बिघडलं आहे, अप्पांनी दोघांनाही उद्यापासून परत खड्ड्यावर बोलावलं आहे. पहिल्यासारखं चालू करू. जाताना त्यानं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. दाजींनी तो झटकला नाही, याचा मला आजही राग येतो.

रात्री अक्का आणि दाजी बोलत बसले असतील, मला माहीत नाही. सकाळी दाजी डोक्याला फडकं बांधून खड्ड्यात उतरले. करवत एकट्यानं ओढता येत नाही आणि दगडोबाशी जोडी मोडून आलेल्याला दुसरा वरचा कोण घेणार होता? पाटलांचाच सागवानी ओंडका होता. यंत्र मोडल्याची बातमी झालेली, त्यामुळं गर्दी जमलेली, कल्याणप्पाही खुर्ची टाकून बसलेले. दगडोबानं गेरूची रेघ मारली. करवत सुरू झाली.

दाजींनी काही वाकडं केलं नाही. हे मला नीट सांगायचं आहे, कारण नंतर लोक वेगळं बोलले. ते फक्त सरळ खाली ओढत होते, खालच्यानं ओढायचं असतं तसं. दगडोबाची रेघ सावरायची नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. वर दगडोबानं सवयीनं मूठ पिळली आणि खाली या वेळी मनगट सैल झालं नाही. करवत रेघेवरून उतरली. दगडोबानं आणखी पिळली, ती आणखी उतरली. थोड्या वेळात फाट इतकी वाकडी झाली की लांब उभ्या माणसालाही दिसावी. दगडोबाला घाम फुटला. त्यानं करवत थांबवली आणि खड्ड्यात डोकावून दाजींकडं पाहिलं. मी काठावर होतो. दोघांची नजरानजर मला दिसली. आपली सरळ फळी कुठून येत होती हे दगडोबाला त्या क्षणी समजलं, यात मला तिळमात्र शंका नाही.

मला वाटलं, आता तरी बोलेल. दाजींनाही वाटलं असणार, कारण ते मान वर करून उभेच राहिले, फाटेत अडकलेला भुसा तोंडावर गळत होता तरी.

दगडोबा सरळ झाला. कल्याणप्पांकडं वळला आणि खालच्या, दुखऱ्या आवाजात म्हणाला,

"डोळं अधू झाल्यात वो त्येचं, अप्पा. बिचाऱ्याला रेघच दिसंना. पट्टा निवडतानाबी तेच झालं आसंल. त्येला रागं भरू नका, माझी इनंती हाय."

गर्दीतून हळहळ उमटली. दगडोबाचं मन केवढं मोठं, असं माझ्या शेजारचा एक जण बोलला. कल्याणप्पांना खरोखर वाईट वाटलं. ते स्वतः खड्ड्याशी आले, दाजींना हात देऊन वर घेतलं आणि म्हणाले की आजपासून खाली उतरायचं नाही. फाटकाशी बसायचं, आलेलं-गेलेलं लाकूड बघायचं. रोजगार बुडणार नाही. दाजी म्हणाले की अप्पा, मला दिसतं, चांगलं दिसतं. कल्याणप्पांनी त्यांचा खांदा थोपटला. भुशानं परत डोळ्यांतून पाणी गळणारा माणूस मला दिसतं म्हणतोय, त्यावर कोण विश्वास ठेवणार?

मी अक्काला म्हणालो की त्या फाटकावर थुंकून या म्हणावं दाजींना. अक्का म्हणाली, तू पोरं सांभाळणार आहेस का? दुसऱ्या दिवशी दाजी फाटकाशी जाऊन बसले. खड्डा सुटावा म्हणून आम्ही देव पाण्यात घातले होते. तो सुटला तो असा, दगडोबाच्या शब्दाखातर. कल्याणप्पा येणाऱ्या गिऱ्हाईकाला ते आवर्जून सांगायचे.

दगडोबाच्या फळ्या पुढं कधी सरळ आल्या नाहीत. त्याच्या हाताखाली एकामागून एक माणसं बदलली, आणि उत्तऱ्याचे डोळे गेले तेव्हापासून आपला जीव कामात लागत नाही, असं तो सांगत फिरायचा. लोकांना ते पटायचं.

रोज सकाळी वखारीत शिरताना तो फाटकाशी थांबायचा. चार माणसं ऐकतील अशा आवाजात विचारायचा, "काय उत्तऱ्या, डोळं कसं हायती?" आणि दाजी म्हणायचे, "बरं हायती, दगडोबा." मी कितीदा तरी ऐकलं. एकदा मला राहवलं नाही. मी दाजींना म्हणालो, त्याच्या तोंडाला तोंड कशाला देता? गप बसा, मान फिरवा, एवढं तरी करा.

दाजींनी फाटकातून आत जाणाऱ्या दगडोबाच्या पाठीकडं पाहिलं.

"लोक ऐकत असत्यात रं, बब्रुवान," ते म्हणाले. "म्या गप बसलो तर म्हनतील, दगडोबानं एवढं केलं ह्याचं, अन् ह्याला त्येची जाण न्हाय."